गिटारच्या पोटातली खडखड

बसा. चहा आधी अर्धा संपवा, मग सुरू करते. मध्येच हसू फुटलं की कप हिंदकळतो, आणि ही चादर मी कालच धुतलीय. हसायला परवानगी आहे बरं का. कीव करायची नाही! फजिती माझी झाली, पण ती मी माझ्या हिमतीवर करून घेतली, कुणाच्या उपकारावर नाही.

तर मी गिटार वाजवते. असं बघू नका. ‘‘आजी, या वयात गिटार?’’ असं विचारणारे मला भरपूर भेटले. त्यांना मी विचारते, ‘‘या वयात तुम्ही दिवसभर फोनवर राजकारण करता, ते चालतं वाटतं?’’ लगेच फोन खिशात जातो.

शिकले कुणाकडे? कुणाकडेच नाही! सायकल स्वतः शिकले. शिलाई मशीन स्वतः शिकले आणि देवळाली कॅम्पात जवानांच्या वर्द्या शिवून, बाह्यांवर फिती लावून संसार ओढला. आमचे हे गेल्यावर बँक, लाईटबिल, मोबाईल, सगळं स्वतः शिकले. मग सहा तारांनी काय माझं घोडं मारलं होतं?

गिटार घरात आली तीही गंमतच. कॅम्पात साहेब लोकांची बदली झाली की अर्धं घर विकायला निघतं. एका बाईसाहेबांचे पडदे मी शिवले होते. त्या म्हणाल्या, ‘‘मावशी, वॉशिंग मशीन घेऊन जा, तुमचे कष्ट वाचतील.’’

मी म्हटलं, ‘‘त्या कोपऱ्यातल्या काळ्या खोळीत काय आहे?’’

‘‘ती होय? गिटार. मुलानं हौसेनं घेतली आणि विसरला.’’

‘‘मग तीच द्या. कपड्यांना माझे हात पुरेसे आहेत.’’

कपडे मी आजही हातानं धुते. पश्चात्ताप? छे!

ही गिटार साधी नाही, इलेक्ट्रो-अकूस्टिक आहे. म्हणजे दिसायला लाकडी, पोटाला गोल भोक, हातात घेऊन नुसती वाजवली तरी वाजते. पण पोटात आवाज टिपणारं यंत्र, कुशीला छोटी बटणं, आणि वायर लावून स्पीकरच्या डब्याला जोडली की अख्खी गल्ली ऐकते. आमच्या गल्लीनं ऐकलं. भरपूर ऐकलं. शेजारच्या सुमनबाईंनी तर खिडकीला जाड पडदा लावला. मीच शिवून दिला.

आणि मग फोनवर मला बचाटा सापडला. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. लांब समुद्रातल्या एका बेटावरची गाणी. डॉमिनिकन लोकांची. जोडीनं नाचतात, एक दोन तीन, आणि चौथ्याला कमरेला हलकासा झटका. पण नाच राहू दे बाजूला, गिटार ऐका! जाडा, घुमणारा आवाज नाही. बारीक, टणक, चकचकीत. प्रत्येक सूर कसा वेगळा! आपण म्हणतो ना धुतल्या तांदळासारखा, तसा. नुसता धुतलेलाच नव्हे, शिजवून मोकळा झालेला, दाण्याला दाणा न चिकटलेला.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी पोळी तव्यावर जळली. मी म्हटलं, जळू दे. हा आवाज माझ्या गिटारमधून काढला नाही तर नाव सांगणार नाही.

आता माझी सून मृणाल. गंगापूर रोडला एका डान्स क्लासमध्ये शिकवते. ती आणि माझा मुलगा नितीन तिकडेच राहतात, मी कॅम्पात एकटी आणि मजेत. क्लास रोहन सरांचा. सर म्हणजे तरुण मुलगा, टीशर्ट अंगाला इतका घट्ट की शिवणाऱ्याचं कापड संपलं असावं. तर क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला, आणि त्यात मृणाल आणि रोहन सर बचाटा करणार असं मला कळलं.

मी लगेच फोन लावला. ‘‘मृणाल, गिटार मी वाजवणार.’’

‘‘आई, अहो रेकॉर्डिंगवर असतं ते.’’

‘‘रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी माणूसच वाजवतो ना? की उंदीर वाजवतात?’’

तिनं फोन सरांना दिला. सर फार गोड बोलले. गोड बोलणारा माणूस नकार देतोय हे मी ग्राहकांमुळे चांगलं ओळखते. ‘‘आई, आयडिया मस्त आहे. पण बचाटाला एकदम क्लीन टोन लागतो. लाइव्हमध्ये तो मिळणं अवघड. आपण असं करू, रिहर्सलला टोन क्लीन आला तर तुम्ही स्टेजवर. नाही आला तर रेकॉर्डिंग. चालेल?’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द.’’

झालं! त्याच दिवशी संध्याकाळी अख्ख्या कॉलनीला सांगून टाकलं, मी स्टेजवर वाजवणार आहे, सगळ्यांनी यायचं. सुमनबाई म्हणाल्या, ‘‘अगं, अजून पक्कं झालं नाही ना?’’ मी म्हटलं, ‘‘मी सांगितलं ना? मग पक्कं.’’ बोलून बसले. आता मागे फिरायचं म्हणजे रोज दळणाला जाताना त्याच बायकांसमोरून खाली मान घालून जायचं. मान खाली घालायची सवय मला नाही. मशीनवरसुद्धा मी ताठ बसून शिवते.

मृणालनं फोनवर गाणं पाठवलं, आणि मी लागले तयारीला. कुशीवरचं जाड आवाजाचं बटण पार खाली, बारीक आवाजाचं वर. तारा छेडायच्या त्या मध्यावर नाही, खाली तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी घोडीजवळ, तिथे सूर टणक येतो. हाताची कड तारांवर हलकी टेकवायची, म्हणजे सूर लांबत नाही. हे सगळं मी त्या बेटावरच्या लोकांच्या हाताकडे बघून बघून उचललं. ते बोलतात काय ते एक अक्षर कळत नाही, पण हात कळतात. शिवण तशीच तर शिकले होते, शिंप्याच्या दुकानासमोर उभं राहून!

एक त्रास होता. स्पीकर जवळ असला की गिटार कुई करून शिट्टी मारायची. पोटाच्या भोकातून आवाज परत आत शिरतो म्हणून. त्यावर गोल रबरी झाकण मिळतं म्हणे. विकत कशाला? यांची जुनी रबरी स्लीपर होती, तिच्या टाचेतून मापाचं गोल कापलं आणि बसवलं भोकात. शिट्टी बंद! मला सांगा, कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?

पहिली रिहर्सल. गिटार घेऊन बसमध्ये चढले, तर कंडक्टर विचारतो, ‘‘आजी, हा पाळणा कुणाचा?’’ मी म्हटलं, ‘‘तुझाच. झोप येतेय का?’’ बस हसली. मी अशा जोशात क्लासवर पोचले.

हॉलमध्ये गुळगुळीत लाकडी जमीन, भिंतभर आरसे. मृणाल, रोहन सर, क्लासची पोरंपोरी, आणि साउंडवाला बाळू. हा बाळू दिंडोरीकडचा, लग्नामांडवात साउंड लावणारा. कशालाही इको लावतो. त्याच्या माईकवर नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की डोंगरातून पाच माणसं हॅलो म्हणतात.

‘‘बाळू, माझ्या गिटारला इको लावायचा नाही. अजिबात.’’

‘‘आजी, इकोबिगर मजा नाय येत.’’

‘‘मजा नकोय. स्वच्छ आवाज हवाय.’’

‘‘सवच्छ म्हंजे लयच उघडं वाटंल हो.’’

‘‘उघडंच ठेव!’’

रोहन सरांचं लक्ष भोकाकडे गेलं. ‘‘आई, ती… चप्पल आहे का?’’

‘‘झाकण आहे. पूर्वी चप्पल होती.’’

सुरुवात केली. एक, दोन, तीन, चौथ्याला माझीही कंबर हलली. हलणारच, दगड आहे का मी? आणि गिटारमधून आवाज आला. खुळुक. खर्र. खुळुक.

‘‘थांबा, थांबा,’’ सर म्हणाले. ‘‘काहीतरी खडखडतंय.’’

पुन्हा सुरू केलं. चार ठोके झाले, की खुळुक, खर्र. ‘‘थांबा!’’

तिसऱ्यांदा. ‘‘थांबा, आई.’’

एक मुलगी नाक मुरडत कुजबुजली, ‘‘ए, कुणाच्या तरी जुन्या शालूचा वास येतोय ना?’’ मी तिच्याकडे असं बघितलं की ती आरशाच्या मागे जायला जागा शोधायला लागली.

‘‘बाळू,’’ मी म्हटलं, ‘‘तुझी वायर खराब आहे.’’

‘‘आजी, कालच घेतली की वो.’’

‘‘मग स्पीकर फाटलाय.’’

‘‘आजी, ह्याच्यावर परवा आख्खी हळद झाली!’’

‘‘म्हणूनच फाटलाय!’’

रोहन सर मध्ये पडले. ‘‘आई, पुढच्या आठवड्यात परत बघू. पण तेव्हाही असंच झालं तर मात्र…’’ वाक्य पुरं केलं नाही. गोड माणसं वाक्यं पुरी करत नाहीत, आपल्यालाच करायला लावतात.

घरी आले. तारा बदलल्या. वायर बदलली. स्पीकरच्या डब्याखाली गोधडीची घडी घातली. खुर्चीवर ताठ, न हलता बसून एक सूर वाजवला. स्वच्छ! दुसरा वाजवला. स्वच्छ! म्हटलं, बघ, बाळूचंच सामान खराब. मग गाणं धरलं, गाणं रंगात आलं, आणि… खुळुक.

आता तुम्ही म्हणाल, आजी, साधी गोष्ट होती. हो, आता तुम्हाला साधी वाटणारच! आजार कसा असतो माहितीये? डॉक्टरपुढे पोर एकदम शहाणं, घरी आलं की खोकतं. तसं.

मग गिटार मेन रोडवरच्या एका वाद्यांच्या दुकानात नेली. पण आधीच सांगितलं, ‘‘हिला हात लावायचा नाही. मी वाजवते, तुम्ही ऐका.’’ का? अहो, मी शिवलेल्या वर्दीला कुणी दुसऱ्या शिंप्यानं टाका घातलेला मला चालत नाही. गिटारचं कसं चालेल?

काउंटरवर आडवी ठेवून तारा छेडल्या. मोत्यासारखा आवाज!

दुकानदार म्हणाला, ‘‘काहीच प्रॉब्लेम नाही, आजी.’’

‘‘नाही कसा? खडखडते ती.’’

‘‘मग जरा हलवून बघू का?’’

‘‘हलवून? ती काय खोकल्याची बाटली आहे?’’

‘‘निदान ते झाकण काढून आत…’’

‘‘आत काय बघायचंय? माझी गिटार आहे, आत काय आहे ते मला माहीत आहे!’’

हे वाक्य लक्षात ठेवू नका. मला विसरायचंय ते.

गिटार उचलली, खोळीत घातली आणि तरातरा बाहेर पडले. मागून तो काहीतरी बोलत होता. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर हा किस्सा झाला नसता आणि तुम्हाला नुसता चहा मिळाला असता.

दुसरी रिहर्सल. आता मी पेटलेच होते. हॉलमध्ये शिरल्याबरोबर हुकूम सोडला, ‘‘एसी बंद करा. त्याची खरखर येते.’’ एसी बंद झाला. ‘‘पंखे बंद करा.’’ पंखे बंद झाले. ‘‘ज्यांच्या पायात पैंजण आहेत, काढून ठेवा. ज्यांच्या बुटांच्या टाचा वाजतात, बूट काढा. किल्ल्या खिशात नको. बांगड्या काढा.’’ नितीन स्पीकर उचलायला आला होता, त्याच्या कमरेचा पट्टा काढायला लावला, बक्कल वाजतं म्हणून. तो बिचारा एका हातानं पँट धरून कोपऱ्यात उभा!

सगळा हॉल अनवाणी, घामाघूम, श्वास धरून उभा. रोहन सरांचा टीशर्ट आता खरंच कातडीसारखा दिसत होता.

‘‘बाळू, तू हलू नकोस.’’

‘‘आजी, मी श्वासच घेईना झालोय.’’

सुरू केलं. एक, दोन, तीन, कंबर.

खुळुक. खर्र. खुळुक.

  मृणाल हळूच जवळ आली. ‘‘आई, राहू द्या ना आता. रेकॉर्डिंगवर करतो आम्ही. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, मी तुमच्यासाठी मधली खुर्ची ठेवते.’’

मधली खुर्ची! तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना स्टेजवर चढायचे कपडे शिवून दिले. जयंतीच्या कार्यक्रमाला आमच्या ह्यांच्या गायन पार्टीचे सगळे कुर्ते माझे. ते सगळे स्टेजवर पुढे, आणि मी कोरसमध्ये, मागून टाळ्या वाजवायला. कुणी विचारलं नाही, बाई, तुला काही वाजवायचंय का? आणि आता वाजवते तर मला खुर्ची देतायत!

‘‘खुर्ची नकोय मला!’’ मी ओरडले. ‘‘तुम्हाला काय वाटतं, माझ्या गिटारमध्ये दोष आहे? माझ्या? रोज फडक्यानं पुसते मी हिला! पोरासारखी सांभाळलीय! बघायचंय तुम्हाला आत काय आहे? बघा! सगळ्यांनी बघा!’’

आणि मी ते स्लीपरचं झाकण फटकन उपटलं, गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, पालथी केली आणि गदागदा हलवली.

‘‘घ्या! आहे काही?’’

टप्.

एक पांढरी गोळी जमिनीवर पडली.

मग टप् टप् टप् टप्… गारा कशा पडतात? तशा! गुळगुळीत लाकडी जमीन, सगळीकडे पसरल्या. एक आरशाला जाऊन आपटली. एक बाळूच्या अंगठ्याशी थांबली. शेवटी फुलाफुलांच्या ब्लाउजपीसची एक चिंधी तरंगत खाली आली, आणि माझ्या पायापाशी पडली.

कोपऱ्यातून पँट धरलेला नितीन म्हणाला, ‘‘आई… ह्या डांबराच्या गोळ्या आहेत.’’

आता सांगते. आमचे हे गायन पार्टीत पेटी वाजवायचे. पेटीला कसर लागते, वाळवी लागते, म्हणून दर पावसाळ्याआधी ते आत डांबराच्या गोळ्या ठेवायचे. कपड्यांच्या ट्रंकेत ठेवतो तशा. वाद्य म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे गोळ्या, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं, की गिटार घरात आली त्याच वर्षी पावसाळ्याआधी मी छान पुरचुंडी बांधून तिच्या पोटात सोडली होती. आणि पार विसरले! पुरचुंडीची गाठ कधीतरी सुटली, चिंधी फाटली, आणि मी कंबर हलवली की गोळ्या आतून ताल धरायच्या. काउंटरवर आडवी, गप्प. खुर्चीवर ताठ, गप्प. मी रंगात आले की त्याही रंगात!

आणि मी शिव्या कुणाला घातल्या? वायरीला, स्पीकरला, एसीला, पैंजणांना, पोटच्या पोराच्या पट्ट्याला.

‘‘आजी,’’ बाळू गोळी उचलून वास घेत म्हणाला, ‘‘माझा इस्पीकर लय चांगला हाय बरं का.’’

‘‘माहितीये,’’ मी म्हटलं. ‘‘ठेव ती गोळी. खायची नाही.’’

रोहन सर माझ्याकडे यायला निघाले, एका गोळीवर पाय पडला आणि असे सुरेख घसरत आले की नाच बसवायला गेले असते तर महिना लागला असता. धप्पकन माझ्यासमोर बसले. आणि बसल्या बसल्या हसायला लागले. मग मृणाल. मग सगळा हॉल. नितीनची पँट सुटता सुटता राहिली.

मी हसले का? मुळीच नाही. मी वाट बघितली. सगळ्यांचं हसून झालं, पोरींनी झाडू आणून गोळ्या गोळा केल्या, पंखे सुरू झाले. मग म्हटलं, ‘‘झालं? आता अट ऐका. टोन स्वच्छ आला तर मी स्टेजवर. शब्द दिलाय.’’

गिटार मांडीवर घेतली. डोळे मिटले. आणि वाजवली.

काय सांगू! तो आवाज निघाला. तोच! बारीक, टणक, चकचकीत. सूर संपला की मागे काही नाही, नुसती स्वच्छ जागा, मग पुढचा सूर. कंबर हलवली. गिटार गप्प! आणखी हलवली. गप्प! कुणी ‘थांबा’ म्हणालं नाही. पहिल्यांदाच गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, आणि शेवटचा सूर असा सोडला, कापूर विझतो तसा.

डोळे उघडले. सगळे थक्क. बाळूच्या डोळ्यांत पाणी. निदान मला तसं वाटलं. गोळ्यांच्या वासानंही आलं असेल. पण मृणाल आणि रोहन सर एकमेकांकडे बघत होते.

‘‘काय झालं? टोन?’’

‘‘टोन एकदम क्लीन आहे, आई,’’ सर म्हणाले. ‘‘खरंच. मी खोटं बोलणार नाही.’’

‘‘मग तोंड असं का?’’

मृणाल पुढे आली. अगदी हळू म्हणाली, ‘‘आई, हे आपलं गाणं नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे आम्ही ज्याच्यावर नाचतोय ते हे नाही. हे दुसरंच काहीतरी आहे.’’

मी फोन काढला. तिनं पाठवलेलं गाणं लावलं. ते संपलं, आणि त्या फोनच्या मेल्या सवयीप्रमाणे आपोआप पुढचं सुरू झालं. आणि ते पुढचं, ते होतं माझं! नावं सगळी तिकडच्या भाषेत. एक दोन तीन कंबर, दोन्हीत तेच. मला ते दुसरं जास्त गोड वाटलं असणार, बोटं तिथेच बसली, आणि मी इतके दिवस नेमानं, घाम गाळून, बोटांना घट्टे पाडून दुसरंच गाणं घोटत होते!

‘‘मग इतके दिवस सांगितलं का नाही?’’ मी कडाडले.

‘‘कसं सांगणार?’’ मृणालही आता वैतागली. ‘‘तुम्ही सुरू केलं की खडखड व्हायची, आम्ही थांबवायचो. चार ठोक्यांच्या पुढे आम्ही तुम्हाला ऐकलंच कुठे?’’

आहे की नाही? आता कुणीही शहाणी बाई इथे गप्प बसली असती, गिटार खोळीत घातली असती आणि मधली खुर्ची घेतली असती. मी म्हटलं, ‘‘रोहन सर, अट कशाची होती?’’

‘‘टोनची, आई.’’

‘‘गाण्याची अट घातली होती?’’

सरांनी मृणालकडे बघितलं. मृणालनं छताकडे बघितलं.

‘‘नव्हती,’’ सर म्हणाले.

‘‘मग मी स्टेजवर. गाणं शिकायचं ते मी बघते. तुमच्या आईच्या वयाची मी… जाऊ दे. बघते मी!’’

आणि बघितलं! हातातल्या दोन वर्द्या सुमनबाईंच्या भाचीकडे शिवायला दिल्या, आणि कार्यक्रमापर्यंत सकाळ, दुपार, संध्याकाळ ते खरं गाणं. बोटांची सालं निघाली. नितीन म्हणाला, ‘‘आई, राहू दे.’’ मी म्हटलं, ‘‘तू तुझा पट्टा सांभाळ.’’

कार्यक्रमाचा दिवस. हॉल भरलेला. कॉलनीतल्या बायका उशिरा आल्या, सगळ्या शेवटच्या रांगेत. मी निळी पैठणी नेसून, मान ताठ, स्टेजच्या कडेला स्टुलावर. दिवे. मृणाल आणि रोहन सर मध्यभागी. मी सुरू केलं.

सुंदर! अहो, काय सुंदर! खरं गाणं, खरा आवाज. लोक ऐकताना पुढे झुकले. मी मनात म्हटलं, बघा, कोण कोरसमध्ये? कोण? आणि त्या ‘कोण’च्या भरात डोळे मिटले गेले.

तिथेच घात झाला. डोळे मिटले की बोटं आपल्या जुन्या वाटेनं घरी जातात. मध्यावर ती कधी वळली, मला पत्ता नाही. त्या दोघांच्या नाचात एके ठिकाणी गाणं क्षणभर थांबतं, आणि ते पुतळ्यासारखे उभे राहतात. ते राहिले. मी मात्र आनंदानं वाजवतेय! मग माझ्या गाण्यात थांबायची जागा आली. मी थांबले. तर ते दोघं शांततेत गरागरा फिरतायत! डोळे उघडले तेव्हा मृणाल माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड हसरं होतं, डोळे नव्हते.

मी थांबले नाही हं. थांबणार नाहीच! शेवटचा ठोका मात्र तिघांचा एकत्र पडला, कसा ते विचारू नका. टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या. मी वाकून नमस्कार केला, ताठ मानेनं. म्हटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. कोण इथे बचाटा ऐकून वाढलंय?

बाहेर आले तर दारात सुमनबाई. गळ्यात पडल्या. ‘‘छान झालं गं!’’ आणि मग कानाशी येऊन म्हणाल्या, ‘‘मध्येच गाणं चुकलं ना तुझं?’’

मी उडालेच. ‘‘तुला कसं कळलं? तुला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही! आणि बसली होतीस कुठे, तर पार शेवटच्या रांगेत!’’

‘‘हो ना,’’ सुमनबाई म्हणाल्या, ‘‘पण आवाज काय स्वच्छ होता गं!’’